पाणी न घालण्याचं काम

पहाटे 5

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, चार दिवसांवर आली आहे. गावात माहेरवाशिणी यायला लागल्यात, कडुलिंबांना झोके बांधले जातायत, आणि इथे रोपवाटिकेत पहाटे पाचलाच मान चिकट व्हायला लागली आहे. हे लक्षण बरं नाही. खानदेशातली एप्रिलची पहाट कोरडी ठणठणीत असते. रात्रभर धगधगलेल्या भिंती जरा निवालेल्या असतात, वारा पश्चिमेचा असतो आणि अंगाला घामाचा थेंब नसतो. अशा वेळी घाम फुटला की समजायचं, कुठून तरी ओल आलेली आहे आणि दुपारचं ऊन तिला उचलून वर नेणार आहे.

मोबाईलवर हवामान खात्याचा पिवळा इशारा आहे. मेघगर्जना, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी गारा. आता तुरळक ठिकाणी म्हणजे नेमकं कुठे, हे ढगालाही दुपारपर्यंत ठाऊक नसतं. जळगाव जिल्हा रावेरपासून चाळीसगावपर्यंत पसरलेला, आणि पिवळा रंग सगळ्याला सारखाच फासलेला. पाऊस पाळधीत झोडपून काढतो आणि धरणगावात धूळही बसत नाही, असं होतं. उलटंही होतं. इशारा खोटा नसतो. तो आपल्या वाफ्यापुरता काढलेला नसतो, एवढंच.

चोपडा रस्त्याला आमची एकराच्या आतली जागा आहे. अर्धी शेडनेटखाली, अर्धी उघडी. मोगरा, गुलाब, जास्वंद, तुळस, कढीपत्ता, कागदी लिंबू, पेरू, सीताफळ आणि हंगामाप्रमाणे मिरची-वांग्याची रोपं. नळी हातात घ्यायच्या आधी मी रिकाम्या हाताने एक फेरी मारतो. पानं पाहायची ती याच वेळी. काल दुपारी मान टाकलेलं रोप आत्ता ताठ उभं असेल, तर त्याला कशाची गरज नव्हती. पहाटेही पडलेलंच असेल, तर ते तहानलेलं आहे किंवा त्याची मुळं कुजलीत. दोन्हीत रोप दिसतं सारखंच. म्हणून बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायचं. खाली कोरडं लागलं तर पाणी. ओलं लागलं आणि तरी रोप पडलेलं असेल, तर पाण्याने ते आणखी लवकर मरेल.

साडेपाच ते साडेसात

टाकी रात्रीच भरून ठेवलेली असते, कारण बोअरच्या थ्री फेज विजेची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. कामाला येणाऱ्या मावशी येतात त्या आभाळाकडे बघतच. "भाऊ, आभाय भरी ऱ्हायनं." अजून काही भरलेलं नाही. दक्षिणेला नुसती धुरकट पट्टी आहे. पण मावशींचा अंदाज माझ्या मोबाईलपेक्षा अर्धा दिवस पुढे असतो.

पहिलं पाणी प्रो-ट्रेमधल्या मिरचीला. एकेका कप्प्यात चिमूटभर कोकोपीट, ते एका दुपारीत वाळून खडखडतं, त्यामुळे तिला रोज बारीक झारीने द्यावंच लागतं. मग काळ्या पिशव्यांतली लहान रोपं. मोठ्या कुंड्या मात्र बोट लावून. बोगनवेल आणि अडेनियम यांना मी उन्हाळ्यात मुद्दाम उपाशी ठेवतो. बोगनवेलीला भरपूर पाणी मिळालं की ती नुसती पानं काढते. ताण बसला की रंग धरते. लिंबाचंही तसंच. बहार धरायचा तर आधी झाडाला ताण द्यायचा, पाणी तोडायचं, मगच फूल. त्या ताणाच्या मधोमध अवकाळी पाऊस आला की झाडाचा सगळा हिशेब चुकतो. थोडी फुलं आत्ता, थोडी नंतर आणि नुसती पालवी वर.

एक कुंडी काल दुरुस्तीला आली आहे. गावातल्या एका काकूंची, जास्वंदीची. "रोज तांब्याभर पाणी घालते हो, तरी सुकत चाललीय." कुंडी उचलून पाहिली तर पिसासारखी हलकी. रोज पाणी पडणारी कुंडी हलकी कशी? शेतातली काळी माती जशीच्या तशी भरलेली होती. ही माती ओली असताना फुगते, वाळली की आकसते. शेतात तिला भेगा पडतात, तशी कुंडीत ती चारी बाजूंनी कडा सोडते. मग वरून ओतलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली उतरतं आणि भोकातून बाहेर पडतं. बशीत पाणी दिसतं म्हणून काकूंना वाटतं कुंडी भिजली, आणि मधला मातीचा गोळा महिनाभर कोरडाच. अशी कुंडी अख्खी बादलीत बुडवायची. गोळ्यातून बुडबुडे येत राहतात, ते थांबले की बाहेर काढायची. आत्ता ती बादलीत आहे आणि चांगली बुडबुडते आहे. नंतर माती बदलून देईन: पोयटा, जुनं शेणखत, भुईमुगाची टरफलं. पूर्वी यात वाळू घालायचो. वाळूचे आजचे भाव बघता ती सोनाराकडे मागावी.

बोअरचं पाणी जड आहे. कुंड्यांच्या काठावर पांढरा क्षार धरतो, कोवळ्या पानांच्या कडा करपतात. त्यासाठी आठवड्यातून एकदा कुंडी तळातून धो धो वाहेपर्यंत पाणी द्यायचं, म्हणजे क्षार धुऊन जातो. रोज थोडंथोडं शिंपडणाऱ्यांच्या कुंडीत तो साठत राहतो.

साडेसातनंतर नळी बंद. काही लोक नऊलाही घालतात. घालोत.

सकाळी 9

आखाजी साडेतीन मुहूर्तांतली, त्यामुळे गिऱ्हाईक आहे. नवीन वसाहतीतलं एक जोडपं वास्तुशांतीच्या दिवशी अंगणात लावायला वीस झाडं मागतंय. आंबा, नारळ, पेरू, चाफा. मुहूर्त उत्तम आहे. जमीन 42 अंशांत भाजते आहे, एवढीच अडचण. मी त्यांना एक मोगरा दिला आणि एक तुळस. मोगऱ्याला हे ऊन मानवतं, आत्ता तर त्याचा हंगामच आहे. बाकीची झाडं तुमच्या नावाने बाजूला ठेवतो, खड्डे मात्र आत्ताच घ्या, म्हटलं. दोन-दोन फुटांचे खड्डे उन्हात तापू द्यात. मग जुलैत या.

"जुलै? जूनमध्ये मृग लागतो ना?"

लागतो. दर वर्षी 7-8 जूनला सूर्य मृगात जातो, त्यात बदल नाही. पाऊस त्याच्यासोबत जाईल याची खात्री मात्र उरलेली नाही. 2025 चं उदाहरण ताजं आहे. त्या वर्षी मान्सून 24 मे रोजी केरळात आणि 26 मे रोजी मुंबईत पोचला, इतका लवकर की सगळेच हरखले. आधीपासूनच मेभर पाऊस चालू होता. लोक धावत येऊन रोपं घेऊन गेले. मग मान्सून वाटेतच अडखळला आणि दोनेक आठवडे पुढे सरकेना. वर ढग नाहीत, ऊन जूनचं, आणि मातीत नुकतीच लावलेली, अजून मूळ न धरलेली रोपं. त्याच्या दोन वर्षं आधीचा ऑगस्ट तर देशभरात 1901 पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला. म्हणजे भर पावसाळ्यात कुंड्यांना पाणी घालायची वेळ.

कृषी खातं शेतकऱ्यांना दरवर्षी सांगतं, 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. अंगणातल्या आंब्यालाही तोच नियम लावावा, असं माझं मत आहे. नक्षत्र बघा, पण कुदळ मारूनही बघा. वीतभर खाली ओल लागली तर झाड लावा. जोडप्यातल्या नवऱ्याला हे पटलं नाही, बायकोला पटलं. खड्डे होतील.

पाठोपाठ एका शाळेतले सर आले. त्यांना औदुंबर हवाय. बालकवींचं गाव, शाळेच्या आवारात औदुंबर पाहिजे, मुलांना कविता शिकवताना झाड दाखवता येईल. त्र्यंबक बापूजी ठोंबरे 13 ऑगस्ट 1890 रोजी इथे, धरणगावात जन्मले, हे सर मला दर भेटीत सांगतात, आणि मी दर वेळी नव्याने ऐकतो. उंबर मी विक्रीला ठेवत नाही, कारण घरापाशी कोणी लावत नाही. दत्ताचं झाड, त्याचं सगळं पाळावं लागतं, शिवाय मुळं पाया उखडतात. पण पाखरांच्या विष्ठेतून जुन्या भिंतींत तो आपोआप उगवतो. मागच्या पावसाळ्यात पडक्या वाड्याच्या भिंतीतून सोडवलेलं एक रोप पिशवीत आहे, ते सरांसाठी ठेवतो. पैसे नाहीत, पण लावायचं जुलैतच.

एक सांगायचं तर, श्रावणातल्या ऊन-पावसाच्या खेळावर याच बालकवींनी कविता केली, कारण त्यांच्याकडे गुलाबाचे वाफे नव्हते. दिवसभर पान ओलं, मध्येच ऊन, पुन्हा ओलं, ही बुरशीची आवडती हवा. श्रावणात मला इंद्रधनुष्याच्या आधी गुलाबाच्या पानांवरचे काळे ठिपके दिसतात. आणि आता तो खेळ चैत्रातही व्हायला लागलाय.

दुपारी 12 ते साडेतीन

बाहेर काही करायचं नाही. जेवण: कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा, ताक. मग पत्र्याच्या सावलीत पिशव्या भरणं.

या साडेतीन तासांत रोपवाटिका पाहवत नाही. जास्वंद लोंबते, भोपळ्याची पानं रद्दीसारखी खाली येतात, पेरूची पानं दुमडतात. नवीन माणूस असेल तर धावत नळी उघडेल. मी कामावर घेतलेल्या प्रत्येक पोराला पहिल्या दिवशी हेच सांगतो: दुपारी नळीला हात लावायचा नाही. पान जेवढं पाणी हवेत सोडतं, तेवढं मूळ ओढू शकत नाही, म्हणून पान आपली छिद्रं मिटतं आणि खाली झुकतं. अंगावर ऊन कमी यावं, ही त्याची सोय आहे. माती ओली असेल तर हा तहानेचा प्रकारच नव्हे. सूर्य कलला की पान उठतं. संध्याकाळी सातपर्यंत उठलं नाही, तर बघू.

त्यात उन्हात पडलेल्या काळ्या नळीतलं पाणी या वेळी हात पोळेल इतकं तापलेलं असतं. ते मुळांवर ओतायचं? शिवाय तापलेल्या मातीत सारखं पाणी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात. पान आणखी पडतं, माणूस आणखी पाणी घालतो. उन्हाळ्यात माझ्याकडे मेलेली म्हणून परत आणून दाखवलेली रोपं उपटून पाहिली, तर बरीचशी चिखलात असतात. मुळं तपकिरी, ओढली की साल हातात येते आणि आतला दोरा उरतो. त्यांना उन्हाने मारलेलं नसतं, मायेने मारलेलं असतं. हवा लहरी झाली तशी ही माया वाढलीय. आज ऊन जास्त वाटलं, घाला पाणी. आज ढग आले, तरी घाला, सवय आहे. हवेचा लहरीपणा झाडं बऱ्यापैकी सोसतात. तिच्यामागे धावणाऱ्या माणसाचा सोसत नाहीत.

त्यापेक्षा दुपारसाठी सकाळीच करायच्या गोष्टी आहेत. केळीच्या वाळल्या पानांचं आच्छादन बुंध्याभोवती चार बोटं जाड. ही पानं इथे फुकट मिळतात, केळीच्या बागा काही लांब नाहीत. कुंड्या एकमेकींना चिकटून ठेवायच्या, म्हणजे एकीची सावली दुसरीच्या अंगावर पडते. पश्चिमेच्या भिंतीपासून हातभर दूर, कारण ती भिंत रात्री दहापर्यंत उष्णता सोडत असते. आणि वर पन्नास टक्क्यांची जाळी. पंचाहत्तरची घेतली तर सावली छान मिळते, पण मोगरा फुलत नाही आणि मिरची लांबट, लेचीपेची होते.

दुपारी 4

वारा पडला. पान हलत नाही. दक्षिणेची धुरकट पट्टी आता निळसर काळी, वरच्या टोकाला फुलकोबीसारखी फुगलेली. मावशींनी सकाळचं वाक्य पुन्हा म्हटलं नाही, फक्त माझ्याकडे पाहिलं.

आता अर्धा तास हातात आहे, फार तर पाऊण. क्रम ठरलेला आहे. आधी मिरचीचे ट्रे. गेले आठवडाभर ते उघड्यावर होते, कारण शेतात जाण्याआधी रोपाला उन्हाची सवय करावी लागते. जाळीखालचं रोप सरळ शेतात गेलं तर बसतच नाही. नेमकी हीच रोपं सगळ्यांत उघडी. ती बाकाखाली सरकवायची. मग उंच कुंड्या. सोनचाफा, फायकस, क्रोटन यांना वारा पाडणारच आहे, तर आपणच त्या आधी आडव्या करून ठेवायच्या, शेंडा वाऱ्याच्या दिशेला. पडलेल्या कुंडीचं खापर होतं, निजवलेलीचं होत नाही.

शेवटी जाळी. लोक वादळ दिसलं की जाळीच्या गाठी आवळतात. मी उलट दोन बाजूंच्या सोडतो. चारी बाजूंनी घट्ट बांधलेली जाळी वाऱ्यात फुगते आणि पाइपांसकट उठते. वाऱ्याला आत येऊन बाहेर पडायला वाट दिली तर जाळी फडफडते, कुठे फाटते, पण सांगाडा उभा राहतो. वरचं छत मात्र घट्टच, कारण गारा तिथेच अडणार.

'दामिनी' ॲप पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलंय, ते जवळपास वीज पडत असेल तर सांगतं. त्यावर लाल ठिपके यायला लागले आणि मी सगळ्यांना जाळीखालून बाहेर काढून पक्क्या खोलीत नेलं. लोखंडी पाइपांच्या सांगाड्याखाली उभं राहून मिरची वाचवण्यात शहाणपण नाही.

सव्वापाच

आधी धूळ. रस्ता दिसेनासा झाला. मग मोठाले थेंब, पत्र्यावर एकेक मोजता येतील असे, आणि त्यातच टणटण सुरू झाली. हरभऱ्याएवढ्या गारा, काही बोराएवढ्या. जाळीवर पडून त्या मधल्या झोळात जमायला लागल्या आणि झोळ खाली उतरायला लागला. विजा जरा लांब गेल्यावर कामावरच्या पोराने खोलीतून धाव घेतली, बांबूच्या टोकाला फडकं बांधून ठेवलेलं असतं, त्याने खालून जाळी ढोसली. गारा कडेला घसरल्या. फडकं नसेल तर बांबू जाळीतून आरपार जातो.

पंधरा-वीस मिनिटांत सगळं थांबलं. ऊन पडलं, तेही असं की जणू काही झालंच नाही.

संध्याकाळी साडेसहा

उघड्यावरच्या गुलाबाचे शेंडे मोडलेत. पेरूची पानं फाटलीत. बाकाखाली पूर्ण न मावलेले मिरचीचे तीन ट्रे झोडपले गेले. पानांच्या चिंध्या झाल्या, पण बहुतेक रोपांचा शेंडा शाबूत आहे. शेंडा असेल तर मिरची आठवड्यात सावरते.

आज करायचं ते एवढंच: निजवलेल्या कुंड्या उभ्या करायच्या, बशांतलं पाणी ओतायचं, तिरक्या झालेल्या पिशव्या सरळ करायच्या, लोंबणाऱ्या फांद्या धारदार कात्रीने कापायच्या. जाड फांदीच्या जखमेला बोर्डो पेस्ट, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी या प्रमाणातलं. आपल्याला लागते वाटीभर, त्या हिशेबाने कालवायची. फवारणी आज नाही. ओल्या पानावर औषध टिकत नाही. खतही नाही, मार खाल्लेल्या झाडाला लगेच युरिया देणारे लोक आहेत, ताप आलेल्याला श्रीखंड देणारेही असतील.

सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा मी उघड्यावर ठेवतो, त्यात पट्टी घालून पाहिलं: 9 मिलिमीटर. म्हणजे चौरस मीटरला 9 लिटर. कुंड्यांना आणि पिशव्यांना हे पुरतं, उद्या त्यांना पाणी द्यायचं कारण नाही. जमिनीतल्या झाडांचं तसं नाही. तापलेल्या काळ्या मातीत एवढा पाऊस चार बोटंही उतरत नाही, वर चिखल आणि खाली फुफाटा. लोक चिखल बघून आठवडाभर पाणी तोडतात आणि दोन वर्षांचा आंबा वाळवतात. बागेत कुदळीने दोन ठिकाणी उकरून पाहिलं. खाली कोरडंच. त्यांचं पाणी परवा, वरच्या मातीला वाफसा आल्यावर.

रात्री 8

फोन चालू आहेत. गच्चीवरचा मोगरा झोडपलाय, काय फवारू? काही नाही, तुटलेलं काढा. गारा कुंडीत साठल्यात, मुळांना थंडी लागेल का? हाताने काढून टाका. पाऊस झाला, आता आंबा लावू का? नाही. वास्तुशांतीवाल्या नवऱ्याचाही फोन आला: पाऊस तर आला की! कुदळ मारून बघा, म्हटलं. दहा मिनिटांनी पुन्हा फोन, आवाज जरा खालचा.

मिरचीवाले आबा मात्र ऐकेनात. आखाजीला लावायची म्हणून त्यांनी रोपं सांगून ठेवली होती. "आबा, आठ दिवस थांबा. फाटलेलं पान नवं फुटू द्या." ते सकाळी सहाला स्वतः बघायला येणार आहेत. तीन ट्रे कमी पडतील, ते पैसे वळते करावे लागतील.

मावशी निघताना दारात थांबल्या. उद्या पाणी घालायचं नाही, हे त्यांनी ऐकलं होतं.

"मंग उद्या खाडा का, भाऊ?"

खाडा कसला. चिखल उडालेली खालची पानं सकाळीच धुवायला हवीत, दिवसा वाळतील अशा बेताने; जाळीच्या गाठी आहेत, फाटलेल्या चार ठिकाणी टाके आहेत, आणि काकूंची जास्वंद अजून बादलीतून काढायची राहिलीय. या, म्हटलं, फक्त पाचला नको. सातला या.

"आनि पगार?"

पूर्ण.